रबाळ्याचा मिक्सर, ६० चा शाफ्ट: कामाच्या नोंदी

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सकाळी शटर उघडत होतो तेवढ्यात रबाळ्याहून फोन आला. मसाल्याचा कारखाना, रिबन मिक्सर (आत पोलादी पट्ट्या फिरवून पूड मिसळणारं मशीन), कपलिंगची (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाची) चावी पुन्हा गेली. चावी म्हणजे कुलुपाची नव्हे; शाफ्ट (फिरणारा दांडा) आणि त्यावर बसणारा कपलिंगचा हब एकत्र फिरावेत म्हणून दोघांच्या खाचांत बसवलेली लोखंडी पट्टी. नोव्हेंबरपासून ही तिसरी. आधीच्या दोन चाव्या त्यांनी दुसऱ्या वर्कशॉपमधून करून घेतल्या होत्या. "ताई, तीच साइज आहे, माप पाठवतो, संध्याकाळपर्यंत चावी द्या," असं त्यांचं म्हणणं. मसाल्याचे दिवस सुरू होतायत, मिरची वाळून यायला लागली आहे, त्यांची घाई कळते.

पण बाबांचा आमच्या वागळे इस्टेटच्या गाळ्यात एक जुना नियम आहे. तुटलेला तुकडा टेबलावर आल्याशिवाय नवीन करायला घ्यायचं नाही. त्यांना म्हटलं, मुलाला चावी घेऊन पाठवा, तोवर मी दुसरं कुठलंच काम हातात घेत नाही. दुपारी चावी आली.

१८ गुणिले ११, लांबी ९० (सगळी मापं मिमीत). मी समजत होते की मधून सरळ कापली गेली असेल, वरचा अर्धा हबमध्ये आणि खालचा अर्धा शाफ्टमध्ये. तसं नाही. चावी कापली गेलेली नाही, ती लोळली आहे. दोन्ही अंगांना अर्ध्या उंचीवर पायरी पडली आहे, नखाला सहज लागते. एका बाजूची पायरी खोल, दुसऱ्या बाजूची थोडी कमी. कडा चमकतात, घासून घासून आरशासारख्या झालेल्या. आणि सगळीकडे गेरूसारखी तांबूस पूड. पाण्याचा गंज असा नसतो. दोन घट्ट दिसणारे भाग एकमेकांवर सारखे बारीक बारीक हलत राहिले की लोखंडाचा चुरा निघतो आणि हवेनं लाल होतो, ती ही पूड.

काकांनी (आमचे फिटर, बाबांच्याही आधीपासून या धंद्यात) चावी बोटांत फिरवली आणि म्हणाले, "पोरी, दोन्ही अंगांनी मार खाल्लाय हिनं." तेवढंच बोलून परत लेथवर गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रबाळ्याला गेले. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी, पुढे रिक्षा. गाळ्यात शिरताच मिरचीचा ठसका, मास्क लावूनही डोळ्यांतून पाणी. तिथल्या बायका दिवसभर त्यातच उभ्या असतात.

मशीन असं: मोटर ७.५ किलोवॅट, १४४० आरपीएम. हेलिकल गिअरबॉक्स, २५ ला १. त्यापुढे पिन-बुश कपलिंग, आणि कपलिंगचा दुसरा हब मिक्सरच्या स्टब शाफ्टवर (टोकाच्या आखूड दांड्यावर). चावी जाते ती याच स्टबवरची. स्टब रिबनच्या पाइपमध्ये बसवलेला आहे आणि आरपार दोन फिट बोल्टांनी धरलेला. म्हणजे वेळ आली तर स्टब एकटा बदलता येईल, सगळी रिबन काढायला नको. ही चांगली गोष्ट.

पुलर (हब ओढून काढायचं साधन) लावायची वेळच आली नाही. ६० चा हब हातानं ओढला तसा निघून आला. तिथंच मनात आलं की प्रश्न चावीचा नाही.

मापं, तीनदा घेऊन:

शाफ्ट ५९.९३. हबचा बोअर (आतलं भोक) ६०.११. म्हणजे ०.१८ ची ढिलाई. शाफ्टच्या कीवेची (चावीच्या खाचेची) रुंदी तळाशी १८.०२, तोंडाशी १८.३४. तोंड भोंग्यासारखं पसरलंय. हबची खाच १८.२० च्या आसपास, कुठे जास्त कुठे कमी. आणि चावीच्या डोक्यावर, हबच्या खाचेत, पत्र्याची पट्टी घातलेली. कुणीतरी ढिलं लागतंय म्हणून वरून भरलं.

ही पट्टी बघून वाईट वाटलं. समांतर चावी अंगांवर काम करते, डोक्यावर नाही. ६० च्या शाफ्टला शाफ्टमधली खोली ७, हबमधली ४.४, दोन्ही मिळून ११.४. चावीची उंची ११. म्हणजे वर ०.४ ची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ती जागा भरली की हब एका बाजूला उचलला जातो, तिरका बसतो, हाताला घट्ट लागतो, आणि अंगं मात्र ढिलीच राहतात. करणाऱ्याला वाटतं काम झालं.

त्या लोकांनी आणखी एक सांगितलं. दुसऱ्या वेळची चावी "कडक करून" दिली होती, हार्डन केलेली. तिनं दीड महिना काढला. आता कीवेचं तोंड १८.३४ कसं झालं ते कळलं. कडक चावी स्वतः दबली नाही, तिनं शाफ्ट दाबला. चावी म्हणजे एका पट्टीचा तुकडा, शाफ्ट म्हणजे सगळं मशीन खोलणं. दबायचंच असेल तर कुणी दबावं हे आधी ठरवायला हवं.

कपलिंगचे रबरी बुशही चेपलेत. फोटो काढले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. गाळा बंद, बाहेर ढोल-ताशे. घरी बसून हिशोब केला, कारण उद्या काकांसमोर अंदाजानं बोलायची माझी तयारी नाही.

टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम. १४४० भागिले २५ म्हणजे ५७.६ आरपीएम. ९५५० × ७.५ ÷ ५७.६ = साधारण १२४३ न्यूटन मीटर.

शाफ्टच्या परिघावर बल: दुप्पट टॉर्क भागिले व्यास, म्हणजे २४८६ ÷ ०.०६, साधारण ४१,४५० न्यूटन. सव्वाचार टन म्हणा. चावी कापली जाण्याचा ताण: ४१,४५० ÷ (१८ × ९०) = २५.६ मेगापास्कल. काहीच नाही. चावी चेपण्याचा ताण: हबमध्ये चावी ११ वजा ७, म्हणजे ४ मिमी. ४१,४५० ÷ (४ × ९०) = ११५ मेगापास्कल. ईएन ८ ला (चावीच्या पोलादाला) हेही झेपतं.

शाफ्टचं पाहिलं. ६० च्या गोल दांड्यात या टॉर्कला २९.३ मेगापास्कल ताण येतो. कीवे कापल्यानं दांडा कमजोर होतो, किती होतो त्याचं एक जुनं सूत्र आम्हाला डिप्लोमाला होतं. इलिनॉय विद्यापीठात एच. एफ. मूर यांनी दांडे पिळून पाहून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेलं: १ वजा ०.२ × (रुंदी ÷ व्यास) वजा १.१ × (खोली ÷ व्यास). आपल्याला १ − ०.०६ − ०.१२८ = ०.८१. म्हणजे कीवे कापल्यावर दांड्यात ८१ टक्के ताकद उरली. ताण ३६ पर्यंत जातो. तरीही भरपूर जागा आहे.

म्हणजे कागदावर ही चावी वर्षानुवर्षं चालायला हवी. चार महिन्यांत तीन गेल्या. कागद खोटा नाही, पण कागदात गृहीत धरलेल्या दोन गोष्टी इथं नाहीत. एक, चावी पूर्ण चार मिमीवर टेकते. दोन, टॉर्क सतत एकाच बाजूनं आणि शांतपणे येतो. ढिल्या खाचेत चावी तिरकी होऊन कडेवर टेकते, टेकण्याची जागा अर्ध्यावर येते, ११५ चे २३० होतात. त्यात मोटर थेट लाइनवर सुरू होते, तो झटका नेहमीच्या टॉर्कच्या दुप्पट-अडीचपट. मग ईएन ८ सुद्धा नमणारच.

पण दोन्ही अंगांना पायरी का? हे अजून सुटत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाबा, काका आणि मी, चहाच्या वेळी. बाबांचं म्हणणं, गिब-हेड टेपर चावी ठोकावी. शंभराला एक टेपर, म्हणजे १०० मिमी लांबीत १ मिमी चढ. ती खरी पाचर. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारतो तशी. अंगांवर नाही, डोक्यावर आणि तळावर आवळते, हब सरकतही नाही. बाबांनी जुन्या गिरण्यांच्या लाइन शाफ्टवर असल्या चाव्या पाहिल्या आहेत.

मी नको म्हटलं. पाचर हबला एका बाजूला ढकलते. बोअर आधीच ०.१८ ढिला, मग सगळी ढिलाई एकाच बाजूला जाईल, हब केंद्रापासून ०.०९ सरकेल, फिरवून डायल गेज लावला तर ०.१८ दाखवेल. पलीकडे गिअरबॉक्स आहे, त्याच्या बेअरिंगनं हा मार का खावा? बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "गिरणीत तिकडे पट्ट्याची पुली असायची. इथं कपलिंग आहे. तुझं बरोबर आहे." दोन्ही दिशांना जड टॉर्क असेल तर टँजंट चाव्यांच्या जोड्या घालतात, एक जोडी एका दिशेला, दुसरी दुसऱ्या. पण ते रोलिंग मिलचं काम, साडेसात किलोवॅटला नाही.

ठरलं असं: सध्या पायरीची चावी. खालचा भाग शाफ्टच्या खाचेला, वरचा हबच्या खाचेला, प्रत्येक भाग आपापल्या मापाचा. डोक्यावर मोकळं. एवढ्यावर दोन-तीन आठवडे निघावेत. तोवर नवा स्टब आणि नवा हब.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. बाबांची जुनी सायकल काढली, कितीतरी दिवस पायडल मारताना प्रत्येक फेरीला एक खटका येत होता. कॉटर ढिलं. मेकॅनिकलच्या पुस्तकात कॉटर जॉइंट म्हणजे वाफेच्या इंजिनाचा पिस्टन रॉड आणि क्रॉसहेड, सॉकेट, स्पिगट आणि त्यात आडवी ठोकलेली टेपर पट्टी. आपल्याकडे निम्म्या लोकांनी कॉटर पाहिलंय ते सायकलच्या क्रँकमध्ये, आणि पुस्तक न वाचताही त्याचं सगळं शास्त्र त्यांना माहीत आहे.

एका अंगाला तिरकी सपाटी घेतलेला गोल खिळा. ठोकला की सपाटी दांड्याच्या खाचेवर चढते आणि क्रँक आवळते. बाबांनी शिकवलेलं आजही तसंच केलं. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा, नाहीतर हातोड्याचा सगळा मार बीबीच्या (क्रँकच्या दांड्याच्या बेअरिंगच्या) छर्ऱ्यांवर जातो. आधी ठोकून बसवायचं, मग नट. नटानं ओढून बसवायचं नाही, आटे जातात. बसत नसेल तर सपाटीवर कानस, दोन हात, परत बघ. दोन्ही क्रँकची कॉटरं एकमेकांना उलटी घालायची, एकाचा नट पुढे तर दुसऱ्याचा मागे, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत.

सायकल चालवताना पाय थांबून परत जोर लागला की तेव्हाच खटका येतो, सलग मारताना येत नाही. जोराची दिशा बदलते तिथं. हे मी लहानपणापासून अनुभवलंय आणि रबाळ्याच्या चावीशी आजपर्यंत जोडलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पायरीची चावी बसवायला काका आणि मी. हब निघाला आहे, शाफ्ट मोकळा आहे, तर कीवेचा शेवट बघून घ्यावा म्हणून डाय पेनिट्रंटचे (बारीक तडे रंगानं दाखवणारे) तीन डबे नेले होते. क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. साफ केलं, लाल फवारलं, पंधरा मिनिटं थांबलो, पुसलं, पांढरं फवारलं.

दोन मिनिटं काही नाही. मग कीवेच्या आतल्या टोकाशी, जिथं एंड मिलचा (उभ्या कटरचा) गोल शेवट होतो तिथं, पांढऱ्यावर एक लाल केस उमटला. शाफ्टच्या अक्षाला ४५ अंशात तिरका. काका म्हणाले, तडा. आणि आम्ही बघत असतानाच त्याला आडवा जाणारा दुसरा उमटला. गुणाकाराची खूण. एक रेघ साधारण १४ मिमी, दुसरी ९.

मी बराच वेळ तिथं वाकून बसले होते. एकाच दिशेला पिळून थकलेल्या दांड्याला तडा जातो तो ४५ अंशात, पण एका बाजूला कललेला. फुली तेव्हाच पडते जेव्हा दांडा दोन्ही दिशांना आलटून पालटून पिळला जातो. चावीच्या दोन्ही अंगांवरच्या पायऱ्या आणि ही फुली, दोघी एकच गोष्ट सांगतायत. हा मिक्सर उलटा फिरतो. आणि उलटा फिरताना जोरात फिरतो.

मालकांना दाखवलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, चेहरा उतरला. मी सांगितलं, तीन आठवड्यांत हा शाफ्ट बाहेर काढायचा, त्यापलीकडे नाही. तोवर रिव्हर्स बंद. त्यांनी मान्य केलं.

कीवे शाफ्टच्या पायरीला जवळजवळ टेकवून कापलेला आहे, ६५ वरून ६० वर येतो तिथून जेमतेम ३ मिमीवर. पायरीचा कोपरा आणि कीवेचा कोपरा, दोन्ही कमजोर जागा शेजारी शेजारी. नवीन स्टबमध्ये हे नाही करायचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रिव्हर्स बंद करायला सांगितलं, पण आधी तो कसा वापरला जायचा हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. मिक्सर चालवणाऱ्या ताईंच्या शेजारी दोन तास उभी राहिले, आणि मालकांच्या परवानगीनं एक बॅच पूर्वीसारखी चालवायला सांगितली.

बॅच संपताना खालचं तोंड उघडतात. मिरची पूड तेलकट असते, टोकाला चिकटते, पडत नाही. मग ताई एका अंगठ्यानं फॉरवर्ड सोडतात आणि दुसऱ्या अंगठ्यानं लगेच रिव्हर्स दाबतात. रिबन अजून पुढे फिरतेय आणि मोटर मागे ओढायला लागते. सगळी फ्रेम धडकन हलते. पूड झडते. परत फॉरवर्ड. एका बॅचला मी अकरा वेळा मोजलं. दिवसाला बारा बॅच. स्टॉपवॉच लावून पाहिलं: भरलेला मिक्सर थांबायला अडीच सेकंद, रिकामा चार.

ताईंना मी म्हटलं, तुमची चूक नाही, कुणी सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर थांबले असते ना. मला वाटलं असंच झटकायचं असतं, सुपासारखं." मला ते फार पटलं. सुपासारखंच करत होत्या त्या. पॅनेलमध्ये दोन कॉन्टॅक्टर (मोटर चालू करणारे स्विच) एकदम लागू नयेत एवढंच इंटरलॉक होतं, मध्ये वेळ सोडणारं काही नव्हतं. त्यांचा इलेक्ट्रिशियन आला, त्याला टायमर घालायला सांगितलं. एक दिशा सोडल्यावर आठ सेकंद दुसरी लागणारच नाही.

हा टायमर नोव्हेंबरात असता तर शाफ्ट वाचला असता असं मला वाटतं. पण ढिल्या हबसकट नाही. ढिलाई होती म्हणून प्रत्येक झटक्यात हबला आधी मोकळं धावायला जागा मिळायची, आणि मग तो चावीच्या अंगावर हातोड्यासारखा आपटायचा. दिशा न बदलणाऱ्या मशीनमध्ये एवढीच ढिलाई खूप काळ खपून गेली असती, चावी एका अंगाला टेकून राहिली असती. आणि घट्ट बसवलेल्या हबमध्ये तेच झटके निम्मे तरी निभावले असते. दोन्ही एकत्र आलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन स्टबचं ड्रॉइंग. यावर दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

माल ईएन ८. त्याहून मजबूत पोलाद ईएन २४, त्याचा मोह होता, पण आधी बसण घट्ट करू. गिअरबॉक्सचा शाफ्ट काही ईएन २४ चा नाही, मग तो कमजोर दुवा ठरेल. हबची बैठक १०५ होती ती ११० केली. बोअर ६० एच ७ (मापात किती फरक चालेल त्याचा वर्ग), म्हणजे ६०.००० ते ६०.०३०. शाफ्ट एम ६, म्हणजे ६०.०११ ते ६०.०३०. हातानं निघणार नाही असा. दोन्ही खाचा पी ९, घट्ट वर्ग, कारण मशीन उलटसुलट फिरतं. १८ रुंदीला पी ९ म्हणजे १७.९३९ ते १७.९८२. पायरीच्या कोपऱ्याला २ चा रेडियस.

कीवे एंड मिलनं नाही, डिस्क कटरनं कापायचा. एंड मिलच्या खाचेचा शेवट भिंतीसारखा उभा असतो, तडा तिथूनच निघाला होता. डिस्क कटर बाहेर येताना तळ हळूहळू वर चढत जातो, घसरगुंडीसारखा, ताण एका जागी साठत नाही. त्याची किंमत म्हणजे लांबी. १२५ व्यासाचा कटर घेतला तर ७ खोलीला शेपूट २९ मिमी जाते, ती पायरीत घुसेल. ८० चा घेतला तर २३. चावी ८०, शेपूट २३, बेरीज १०३, पायरीपर्यंत ७ मिमी कोरे. बसलं. चावी ९० ची ८० झाल्यानं चेपण्याचा ताण ११५ वरून १३० वर गेला, चालेल.

चावीला आतल्या टोकाला भिंत नाही, म्हणून ती सरकू नये यासाठी हबमधून तिच्या डोक्यावर ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू). तो फक्त सरकणं थांबवायला. टॉर्क घ्यायला नाही.

३ मार्च, सोमवार

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ८० चा गोल बार आणि हबसाठी मोठा तुकडा आणला. टेस्ट सर्टिफिकेट मागून घेतलं. चावी पट्टी नागदेवीहून काका घेऊन आले.

८ मार्च, शनिवार

आठवडाभराची नोंद एकदम लिहिते.

टर्निंग छान झालं. स्टबची बैठक ६०.०२२, तिन्ही जागी.

मिलिंग करताना कटरच्या दोन्ही कोपऱ्यांना ०.४ चा गोलावा देऊन घेतला होता, म्हणजे खाचेच्या तळाचे कोपरे काटकोनात राहत नाहीत. चावीच्या कडा त्याहून थोड्या जास्त मारल्या, नाहीतर चावी कोपऱ्यात अडकून वर उचलली जाते. कटर धार लावून लावून १७.९ चा झालेला, म्हणून दोन पास. स्लिप गेजनं (अचूक मापाच्या ठोकळ्यांनी) पाहिलं, १७.९७ जाते, १७.९८ नाही.

हबचं चुकलं. स्लॉटिंग शेजारच्या गाळ्यातल्या दादांकडे करतो, हब मीच पकडून दिला होता. रुंदी बरोबर आली. पण चावीला निळं (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावून घातली आणि काढली तर निळं फक्त दोन ठिकाणी पुसलेलं, पुढच्या टोकाला डाव्या अंगाला, मागच्या टोकाला उजव्या. मधे सगळं तसंच. खाच तिरकी गेली होती. टेबल तपासलं तर हबच्या बैठकीखाली एक बारीक चिप दबलेली सापडली, मी पुसलं नव्हतं नीट. काकांनी विचारलं, चावीला कानस मारून बसवू का? बसली असती. आणि दोन कोपऱ्यांवर टेकून परत लोळली असती. हब बाजूला ठेवला, दुसरा केला. दिवस गेला.

दुसऱ्या हबला निळं दोन्ही अंगांवर टोकापासून टोकापर्यंत, साधारण तीन चतुर्थांश जागेवर. बोअर ६०.००४, खाच १७.९७. चावी सरफेस ग्राइंडरवर १७.९८ ला आणली. शाफ्टच्या खाचेत तांब्याच्या हातोड्यानं दोन-चार टोल्यांत बसते, बोटानं निघत नाही. डोक्यावर ०.४ चं फीलर (मापाची पातळ पट्टी) सरकतं.

१३ ते १५ मार्च

गुरुवारी होळी, शुक्रवारी धुळवड आणि एरवीचीही सुट्टी. कारखान्याला दीड दिवस मशीन सोडता येणार होतं ते एवढ्याच वेळात. गुरुवारी दुपारी स्टब आणि हब टेम्पोत, कळव्यावरून विटाव्याच्या पुलाखालून, गर्दीत तासभर. रबाळ्याच्या नाक्यावर पोरं होळीची लाकडं रचत होती.

जुना स्टब रात्रीपर्यंत बाहेर. फिट बोल्ट गंजलेले, तेल घालून तासभर वाट पाहावी लागली. बेअरिंग ६५ बोअरचं, २२२१३, नवीनच घातलं.

शुक्रवारी सकाळी हब बसवला. शाफ्ट ६०.०२२, बोअर ६०.००४, म्हणजे ०.०१८ चा घट्टपणा. ठोकून बसवला तर बैठक ओरबाडते आणि बेअरिंगला मार बसतो. म्हणून बेअरिंग हीटर भाड्यानं आणला होता. हब ११० अंशांपर्यंत गरम केला, म्हणजे ८० अंश वर. लोखंड अंशामागे मीटरला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, त्या हिशोबानं बोअर ०.०५५ मोठा होतो. १८ ची खाचही ०.०१७ उघडते, आणि चावी खाचेपेक्षा ०.०१ जास्त आहे, तिलाही वाट मिळते.

काकांनी हातमोजे घालून हब उचलला, चावीची रेघ हबवर खडूनं आधीच मारलेली. एकदाच, न थांबता. हब सरकत गेला आणि पायरीला टेकला, हलका टक् आवाज. दोन मिनिटांनी हलवून पाहिला, हलत नाही. काका एवढंच म्हणाले, "बसला." या एका शब्दासाठी आम्ही चार आठवडे घालवले.

थंड झाल्यावर डायल लावला, हबवर ०.०३. कपलिंगचे सगळे बुश नवे. अलाइनमेंट संध्याकाळी पूर्ण झाली. ग्रब स्क्रू आवळून हब आणि शाफ्टवर आरपार एक पिवळी पेंटची रेघ ओढली. हब केसभर जरी सरकला तरी रेघ तुटेल.

शनिवारी टायमर तपासला. फॉरवर्ड सोडून लगेच रिव्हर्स दाबलं, काही नाही. आठ सेकंदांनी लागला, शांत. फ्रेम हलली नाही. रिकामा अर्धा तास, मग भरून तीन बॅच.

१७ मार्च, सोमवार

फोन आला आणि छातीत धस्स झालं. पण विषय वेगळा. आठ सेकंद थांबल्यानं पूड नीट झडत नाही, ताईंना काठीनं ढोसावं लागतं. चालू मशीनमध्ये काठी म्हणजे हात जायची भीती. लगेच गेले. उपाय मशीनच्या बाहेरचा निघाला: खालच्या तोंडाजवळ बाहेरून रबरी हातोड्यानं दोन टोले, पूड पडते. तिथं एक जाड पट्टी वेल्ड करून दिली, म्हणजे पत्रा चेपणार नाही. काठी मालकांनी तिथून काढून टाकली. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, रिव्हर्स काढून घेतला तर त्याचं काम कोण करणार ते.

१२ एप्रिल, शनिवार

चार आठवडे झाले. मसाल्याचा हंगाम भरात, दोन पाळ्या चालू. गार्ड काढून पाहिलं. पिवळी रेघ अखंड. हबच्या तोंडाशी चावीच्या दोन्ही अंगांना ०.०३ चं फीलर लावून पाहिलं, कुठेही शिरत नाही. तांबूस पूड नाही, पांढऱ्या फडक्यानं पुसून पाहिलं, फडक्यावर फक्त मिरची. बुश ठीक. शाफ्टचा हबबाहेरचा भाग पेनिट्रंटनं पाहिला, पांढरं पांढरंच राहिलं.

ताई रिव्हर्स दाबताना आता तोंडानं आकडे मोजतात, टायमर असूनही.

जुना स्टब गाळ्यात बाकाखाली आहे, फुलीवर अजून लाल-पांढरं तसंच. या वर्षी डिप्लोमाची दोन मुलं येतायत प्रशिक्षणाला, त्यांच्यासाठी ठेवला आहे. पुढची तपासणी गणपतीनंतर.